बारा नंबरचं पिल्लू

खांबगिरीच्या शस्त्र कारखान्यात, फिनिशिंग विभागात, बावीस मार्चला, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत बारा नंबरच्या रिव्हॉल्व्हरला पिल्लू झालं.

सुट्टी एक ते दीड असते. जगन्नाथ पांचाळ मिस्त्री डबा खाऊन, हात धुऊन, नेहमीप्रमाणे पाच मिनिटं आधीच आपल्या टेबलाशी आले. हिरव्या बनातीच्या मांडणीत तीस खाचा होत्या आणि तीस खाचांत तीस रिव्हॉल्व्हरं होती. बाराव्या खाचेत मात्र दोन होती. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या कुशीत, नळीकडे तोंड करून, साडेआठ सेंटिमीटर लांबीचं एक लहान रिव्हॉल्व्हर पडलं होतं. ते तेलाने ओलं होतं. मिस्त्रींनी घड्याळात पाहिलं आणि कामाच्या कार्डावर लिहिलं, "१ वाजून २५ मि. बारा नंबरला पिल्लू." कारखान्यात कुठलीही गोष्ट आधी लिहायची आणि मग तिच्याकडे बघायचं, अशी शिस्त होती.

रिव्हॉल्व्हरला पिल्लू होतं की होत नाही, यावर वाद घालत बसणारी माणसं कारखान्यात नव्हती. तिथे माणसांना कामं असतात.

ही तीस रिव्हॉल्व्हरं म्हणजे कारखान्याची अमृतमहोत्सवी आवृत्ती. पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या पद्धतीची फक्त तीस रिव्हॉल्व्हरं करायची, एकतिसावं कधी करायचं नाही, असा ठराव झाला होता. जुनी पद्धत म्हणजे नुसता चाप ओढून उपयोग नाही. प्रत्येक गोळीच्या आधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. घोडा मागे येताना चार आवाज होतात. कट्, कट्, कट्, कट्. चौथा झाला की हत्यार तयार. हे चार आवाज सारख्या अंतराने आले, तर आतले सगळे भाग एकमेकांना नीट ओळखतात असं समजायचं. पांचाळ मिस्त्री डोळे मिटून हे चार आवाज ऐकत आणि कुठल्या दात्याला कानशीचा एक हात कमी-जास्त लागलाय ते सांगत.

तीसच्या तीस नग त्यांच्या हातचे होते. दोन वर्षं लागली. नळी आणि सिलिंडर यांच्यात किती फट ठेवायची, शिसवी मूठ लोखंडाला अशी बसवायची की नख फिरवलं तरी सांधा लागू नये, स्क्रूच्या डोक्यावरची चीर नळीच्या रेषेत यावी, हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. त्याच दिवशी समारंभ होता. मांडवात खरेदीदारांच्या हाती रिव्हॉल्व्हरांचे तीस डबे द्यायचे आणि "तीस नग, शून्य दोष" असं जाहीर करून मिस्त्रींना शाल-श्रीफळ द्यायचं, असं ठरलं होतं. मिस्त्रींच्या घरी त्या दिवसासाठी नवी टोपी आणून ठेवलेली होती आणि ती दिवसातून एकदा तरी कपाटातून काढून बघितली जात होती.

शून्य दोष हा शेरा टिल्लूबाईंचा होता. वैदेही टिल्लू या तपासनीस. बाईंकडे फिलर गेज असे, म्हणजे कागदाहून पातळ पात्यांचा एक जुडगा. सांध्यात पातं घालायचं. शिरलं तर फट. बाईंनी बावीस वर्षांत कुणाला सवलत दिली नव्हती, स्वतःलाही नाही. अशा बाईंनी तीस वेळा दोषाच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र बाईंना माहीत नव्हती. मिस्त्रींचे वडील गावाकडे कुलपं करीत. ते म्हणत, की पुरं काम करू नये, पुऱ्या कामाला दृष्ट लागते. तान्ह्या मुलाच्या गालाला लावतात तशी कामालाही तीट लावावी. म्हणून ते प्रत्येक कुलपाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानशीचा एक तिरका ओरखडा घासल्याशिवाय तसाच ठेवीत. मिस्त्रीही ठेवीत. तीसही रिव्हॉल्व्हरांत, मुठीच्या लाकडाखाली, डाव्या अंगाला, एकेक ओरखडा होता. कारखान्याच्या भाषेत तो दोष. मिस्त्रींनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

तर बाईंना बोलावलं गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पिल्लाला मऊ फडक्यावर घेतलं.

"केव्हा झालं?"

"मी डबा खात हुतो बाई. एक पंचवीसला बघितलं."

"बारा नंबर ठीक आहे?"

"ठीक हाय. जरा कोमट लागतंय."

बाईंनी सगळ्यात पातळ पातं काढलं. मुठीच्या सांध्यात घालून पाहिलं, शिरलं नाही. नळीखाली घातलं, शिरलं नाही. चापाच्या कडेला, झाकणाला, कुठेच शिरलं नाही. मग त्यांनी पिल्लू खिडकीशी नेलं. त्याच्या पोलादाची निळाई जांभळ्या रंगाकडे झुकत होती आणि तिच्यात खिडकीचे गज सरळ दिसत होते, एकही वाकडा नव्हता. स्क्रू इतके बारीक, की मोजायला भिंग लागलं. सगळ्यांच्या चिरा नळीच्या रेषेत होत्या.

"पांचाळ," बाई म्हणाल्या, "असं काम मी पाहिलेलं नाही."

बाई मनात काही न ठेवता बोलून गेल्या. पण मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून केलेले तीस नग समोर होते, आणि बाईंच्या तोंडून हे वाक्य निघालं ते कुणीच न केलेल्या, जेवणाच्या सुट्टीत झालेल्या बोटभर हत्यारासाठी. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी टोपीही काढून पाहिली नाही.

पिल्लाचा घोडा पहिल्या दिवशी एकच आवाज करून थांबायचा. कट्. बुधवारी दोन झाले.

बुधवारीच व्यवस्थापक कुलथेसाहेबांनी बैठक घेतली. साहेब, आस्थापना विभागाचे सबनीस, टिल्लूबाई आणि पांचाळ मिस्त्री असे चौघे होते. सबनिसांनी नियमांची पुस्तकं आणली होती, उंचीने साधारण टेबलाएवढी.

"पहिला मुद्दा," साहेब म्हणाले. "आवृत्ती तिसांची. नग एकतीस. हे कसं बसवायचं?"

"बसत नाही," सबनीस म्हणाले.

"बारा नंबरला प्रसूती रजा लागू होते का?"

"ती कर्मचाऱ्यांना, साहेब. बारा नंबर हा तयार माल आहे. मालाला रजा नसते."

"बरं. मग पिल्लू हा माल आहे का?"

सबनिसांनी पान उलटलं. "माल म्हणजे जो कारखान्यात बनवला गेला तो. हे बनवलं गेलेलं नाही. नियम चौदा सांगतो, की जे हत्यार कुणी बनवलं ते सांगता येत नाही, ते बेवारस. बेवारस हत्यार आठ दिवसांच्या आत सुटं करून भट्टीत द्यावं."

टिल्लूबाई म्हणाल्या, "साहेब, एवढं स्वच्छ काम भट्टीत घालायचं?"

"कामाबद्दल नियमात काही नाही, बाई," सबनीस म्हणाले. सबनीस मनाने वाईट नव्हते. त्यांना दोन नातवंडं होती. पण पुस्तक उघडलं की त्यांना पुस्तकातलंच दिसे. "एक वाट आहे. 'बनवणारा' या रकान्यात कुणी सही केली, तर ते बेवारस राहत नाही. मग पुढचं बघता येईल."

तिघांनीही मिस्त्रींकडे पाहिलं.

"माझ्या हातचं न्हाई ते," मिस्त्री म्हणाले.

"पांचाळ, सगळ्या कारखान्यात असं काम दुसरं कोण करणार? कुणी शंका घेणार नाही."

"म्हणूनच न्हाई करायची, साहेब. दुसऱ्याच्या कामावर मी कधी नाव घातलं न्हाई. आता जाता जाता घालू?"

ते खरं तेच बोलत होते. पण त्या खरेपणाला हेव्याची थोडी धार होती, आणि ती त्यांची त्यांनाही कळत होती. तीस नगांनंतर लोकांनी एकतिसाव्याचं कौतुक करावं, आणि त्याच्याखाली आपली सही असावी, हे त्यांना सोसवेना. साहेबांनी आग्रह केला नाही. सुटं करण्याचं काम सोमवारी सकाळी अकराला, फिनिशिंग विभागातच, पांचाळ मिस्त्रींच्या हातून व्हावं असं ठरलं, कारण एवढे बारीक स्क्रू दुसऱ्या कुणाच्या हातून निघाले नसते.

गुरुवारी सकाळी तशी नोटीस फिनिशिंग विभागाच्या फळ्यावर लागली. साडेदहाला बारा नंबरचा घोडा दुसऱ्या आवाजावर अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. अकराला अकरा आणि तेरा नंबर अडकले. दुपारपर्यंत तीसच्या तीस, दुसऱ्या आवाजावर, तोंडं मिटून बसली. मिस्त्रींनी तेल घालून पाहिलं, हलक्या हाताने दाबून पाहिलं, एक नंबर खोलूनही पाहिलं. आत काही बिघडलं नव्हतं.

"याला संप म्हणायचं का?" साहेबांनी विचारलं.

"संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते," सबनीस म्हणाले. "तशी आलेली नाही."

"मग काय म्हणायचं?"

"यांत्रिक अडचण म्हणू."

तसं लिहिलं गेलं. त्याच दिवशी पिल्लाचे आवाज तीन झाले. त्याला भट्टीची काही कल्पना नसावी. ते आपलं फडक्यावर पडून दर थोड्या वेळाने कट्, कट्, कट् करी, आणि बारा नंबर त्याच्याकडे नळी करून गप्प पडून असे.

शुक्रवारी इंद्रजितराव जगदाळे आले. बारा नंबर त्यांनी घेतलं होतं. जगदाळ्यांना जुन्या हत्यारांचा शौक. घरात परवान्याची फाइल देवघराच्या कपाटात ठेवणारा माणूस. समारंभाच्या आधी एकदा वस्तू नजरेखालून घालावी, म्हणून ते सवड काढून आले होते. त्यांनी बारा नंबर हातात घेतलं आणि अंगठ्याचं नख सगळ्या सांध्यांवरून फिरवलं. नख कुठे अडलं नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग त्यांना पिल्लू दिसलं.

"हे काय?"

"बारा नंबरचं आहे," कुलथेसाहेब म्हणाले. "मंगळवारी झालं."

"मला तीसपैकी एक म्हणून सांगितलं होतं."

"मर्यादा आम्ही पाळली, जगदाळेसाहेब. आम्ही तीसच केली. पुढचं आमच्या हातात नव्हतं."

जगदाळ्यांनी विचार केला. मांडणीतल्या शेजारच्या खाचांकडे पाहिलं. "कुणापासून?"

"तसली चौकशी कारखाना करत नाही," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे," जगदाळे म्हणाले आणि थोडे ओशाळले. मग त्यांनी बारा नंबरचा घोडा ओढून पाहिला. तो दुसऱ्या आवाजावरून हलेना. तेव्हा त्यांना नोटिशीबद्दल सांगावं लागलं. सांगणारे सबनीस होते, त्यामुळे नियमाच्या क्रमांकासह सगळं सांगून झालं.

"आईपासून लेकरू तोडलेलं हत्यार मी घरात नेणार नाही," जगदाळे म्हणाले. "दोन्ही मिळून न्यायला माझी हरकत नाही. पण कागद स्वच्छ पाहिजे. बेवारस वस्तूला माझ्या परवान्यात जागा नाही." जाताना ते मिस्त्रींच्या टेबलाशी थांबले. "मिस्त्री, बारा नंबर फार सुरेख झालंय. तुमच्या हाताला तोड नाही."

हे वाक्य ऐकण्यासाठी मिस्त्री दोन वर्षं थांबले होते. ऐकलं तेव्हा त्यांच्या मागे फडक्यावर तीन आवाज झाले आणि त्या वाक्याची चवच गेली.

शनिवार-रविवार कारखाना बंद. मिस्त्रींनी घरी बसून एका शिवणाच्या सुईचं टोक घासून चपटं केलं, कारण त्या स्क्रूंना बसेल असा पेचकस बाजारात मिळत नाही. सुई घासताना बायकोने विचारलं, "कशासाठी?" ते म्हणाले, "सोमवारी एक खोलायचंय." तिने पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे तिला कळत होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत पेचकस तयार झाला. तो इतका चांगला झाला, की मिस्त्रींना त्याचीच लाज वाटली.

सोमवारी अकराला टिल्लूबाई छापील नमुना घेऊन आल्या. भट्टीकडे न्यायचा पत्र्याचा ट्रे टेबलावर ठेवलेला होता. मिस्त्रींनी पिल्लू हातात घेतलं. मंगळवारी ते साडेआठ सेंटिमीटर होतं. आता नऊ भरलं. त्यांच्या तळहातावर त्याने तीन आवाज केले आणि चौथ्यासाठी थोडा जोर लावल्यासारखं केलं.

"आधी मूठ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचा नव्हता.

मिस्त्रींनी सुईचा पेचकस लावला. स्क्रू सुटला, जणू वाटच बघत होता. त्यांनी नखाने लाकडाचा डावा तुकडा उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं.

आत सगळं आरशासारखं होतं. पण डाव्या अंगाला, मधोमध, एक ओरखडा होता. तिरका. वरून जड, खाली येताना हलका, आणि शेवटी किंचित उजवीकडे वळलेला, कारण मिस्त्रींचा अंगठा लहानपणी ऐरणीखाली सापडून वाकडा बसला होता आणि त्यांची कानस शेवटच्या क्षणी नेहमी उजवीकडे वळे.

हा ओरखडा त्यांनी काढलेला नव्हता. आणि तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

पांचाळ मिस्त्रींना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, नुसतं भिंग बाजूला ठेवलं, कारण ते धूसर झालं होतं. एक आठवडाभर ज्याचा हेवा केला ते हे. मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली. लाकूड परत बसवून टाकलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पिल्लू भट्टीत जाईल, तीस नग शून्य दोषाचे राहतील, गुरुवारी शाल मिळेल. आणि दाखवलं, तर तिसांचं बिंग फुटेल.

ट्रे टेबलावर होता. पिल्लाने कट् केलं.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "हे बघा."

बाईंनी भिंगातून पाहिलं. "दोष आहे," त्या म्हणाल्या. जरा सुटल्यासारख्या म्हणाल्या, कारण निर्दोष वस्तू भट्टीत घालणं त्यांना जड जात होतं. "मुठीच्या आत. ओरखडा."

"दोष न्हाई बाई. तीट हाय ती. आमच्या घरची."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या तिसांतबी हाय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एक नंबर उचललं आणि मूठ खोलली. ओरखडा होता. दोन नंबर खोललं. जेवणाची सुट्टी झाली ती त्यांनी घेतली नाही. चार वाजेपर्यंत तीस मुठी खोलून टेबलावर ओळीने लागल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली तिरका ओरखडा होता.

"तीस वेळा," बाई म्हणाल्या. "तीस वेळा मी शून्य लिहिलं, पांचाळ. माझ्या हाताने."

"व्हय बाई."

"एकदा तरी सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही घासायला लावला असता."

"लावलाच असता!"

त्या खरोखर दुखावल्या होत्या. मिस्त्रींनी मान खाली घातली. मग बाईंची बावीस वर्षांची सवय वर आली आणि त्यांनी मोजपट्टी काढली. एक नंबरचा ओरखडा चार मिलिमीटर. दोन नंबरचा चार. त्या मोजत गेल्या. तिसावा चार. कोनही मोजला. केसाचा फरक नव्हता. शेवटी पिल्लाचा मोजला. पिल्लू बरोबर अर्ध्या मापाचं नव्हतं, थोडं कमी होतं; ओरखडाही दोन मिलिमीटरला थोडा कमी होता.

बाईंनी नोंदवही उघडली आणि लिहिलं, "मुठीखाली तिरकी खूण. सर्व नगांत समान. नगानगांतील फरक: शून्य."

ही नोंद घेऊन दोघं साहेबांच्या खोलीत गेले. सबनीस तिथे बसलेलेच होते. साहेबांनी ती दोनदा वाचली. "एका नगात असता तर दोष म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण सगळ्यांतच आहे, तर तो नमुनाच म्हणायचा. सबनीस, रिव्हॉल्व्हरच्या नकाशात घालून घ्या." मग ते मिस्त्रींकडे वळले. "पांचाळ, तुम्ही लपवलंत मात्र."

"लपवलं, साहेब."

"नाराजीचं पत्र द्यावं लागेल. आणि ज्याला नाराजीचं पत्र आहे त्याचा सत्कार करता येत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांना कपाटातली टोपी आठवली. वाईट वाटलं, पण मागचे सात दिवस वाटत होतं त्याहून कमी.

सबनिसांनी नियम चौदाचा नमुना पुढे सरकवला. "आता तरी बनवणाऱ्याच्या रकान्यात सही करा. खूण तुमचीच आहे, हे आता बाईंच्या वहीत आलंय."

मिस्त्रींनी पेन घेतलं. 'बनवणारा' या छापील शब्दाकडे बघत राहिले.

"मी बनवलं न्हाई हे."

"पांचाळ!" साहेब म्हणाले.

"खोटं न्हाई लिहिणार, साहेब. पन हाय माझंच." आणि त्यांनी त्या रकान्यात, वळणदार अक्षरात, 'आजोबा' असं लिहून खाली सही केली.

सबनिसांनी कागद ओढून घेतला. वाचला. पुस्तक उघडलं, मागची पानं पाहिली, पुढची पाहिली, तळटीपही पाहिली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"रकाना रिकामा नसावा, एवढंच म्हटलंय," सबनीस म्हणाले. "रिकामा नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

त्यानंतर पिल्लाला बारा नंबरच्या सोबतच्या साहित्यात दाखवणं सोपं होतं. यादी अशी झाली: डबा एक, साफ करायचा गज एक, तेलाची बाटली एक, पिल्लू एक. मिस्त्री विभागात परतले तेव्हा पाच वाजत आले होते. फळ्यावरची नोटीस त्यांनी स्वतः काढली, टाचण्या डबीत ठेवल्या. मागे मांडणीत बारा नंबरचा घोडा सुटला. मग अकराचा, तेराचा, आणि मग बाकीच्यांचे.

गुरुवारी समारंभ झाला. मांडवातली भाषणं फिनिशिंग विभागात ऐकू येत होती. टाळ्याही ऐकू येत होत्या. मिस्त्री आपल्या टेबलाशी बसून जगदाळ्यांच्या डब्याचं काम संपवत होते, कारण बारा नंबरच्या डब्यात खाच एकच होती आणि आता दोन हव्या होत्या. आईच्या मुठीशेजारी त्यांनी पटाशीने दुसरी खाच कोरली, घासली, तिला हिरवी बनात लावली. दुपारी केव्हातरी फडक्यावर पिल्लाने चार आवाज केले. सारख्या अंतराने. मिस्त्रींनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि डोळे मिटले. पिल्लाने परत केले. कुठल्याही दात्याला कानस लागणार नव्हती.

थोड्या वेळाने टिल्लूबाई आल्या. समारंभ अर्धा राहिला होता.

"तुम्ही इकडं कशा बाई? तिकडं साहेबांचं भाषण चाललंय."

"डब्याची तपासणी राहिली आहे," बाई म्हणाल्या.

बारा नंबर आपल्या खाचेत ठेवलं गेलं. बाईंनी कडेला पातं घातलं, शिरलं नाही. मग पिल्लू त्याच्या खाचेत ठेवलं. बाईंनी पातळ पातं घातलं, ते पडलंच आत. त्याहून जाड घातलं, तेही पडलं. शेवटी सगळी पाती एकत्र करून घातली, तरी चारी बाजूंनी जागा उरली. बाईंनी मान वर केली. बावीस वर्षांत पांचाळ मिस्त्रींच्या कामात त्यांना कधी फट सापडली नव्हती.

"पांचाळ, ही खाच सैल आहे."

"वाढत्या अंगाची ठेवलीय, बाई," मिस्त्री म्हणाले.

बाहेर जगदाळ्यांची गाडी दाराशी येऊन लागल्याचा आवाज आला. बाईंनी मोजपट्टी लावली, नोंदवही उघडली, आणि डब्याच्या पानावर लिहिलं, "फट: तीन मिलिमीटर." शेऱ्याच्या रकान्यावर त्यांचं पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, "बरोबर," आणि सही केली.